आत येण्याची सोय

“मौसी, हाथ मत लगा. तू पोछा लगा.”

सिस्टरनं हे काही रागावून सांगितलं नाही. तिच्यापुढे तीन टेबलं होती, तिन्हींवर बायका कळा देत होत्या आणि तिला हात दोनच. सुकरीनं पहिल्या टेबलावरच्या जैवंतीच्या कमरेखाली सरकवलेला तळवा काढून घेतला आणि अंगातल्या निळ्या कोटाला पुसला.

सुकरी मडावी गडचिरोलीकडची गोंड सुईण. चंदीगढला आयटी पार्कच्या इमारती बांधायला ठेकेदारानं गावची चाळीस माणसं आणली, त्यांच्यात तीही आली. टोळीतल्या बायका तिच्याच हातावर बाळंत व्हायच्या. छताला बांधलेला दोर धरून, गुडघ्यांवर. आणि मागे सुकरी, कमरेला आपल्या गुडघ्यांचा टेकू देऊन बसलेली. गेल्या थंडीत वस्तीवरच्या पत्र्याच्या खोलीत एकीचं रक्त थांबलंच नाही. तेव्हापासून सुकरी स्वतःच प्रत्येकीच्या मागे लागायची, दवाखान्यात चला म्हणून. आणि जी ती एकच विचारायची, तू सोबत राहशील का?

डॉक्टर विनया चंद्रपूरची, या सरकारी दवाखान्यातली. सुईणीला बाळंतिणीजवळ बसू द्यावं म्हणून तिनं तीनदा अर्ज केला आणि तीनदा तो शेरा मारून परत आला. मग तिनं डोकं लढवलं. सफाईच्या ठेक्यावर एक जागा रिकामी होती. सुकरीला कोट मिळाला, ओळखपत्र मिळालं. “एकदा आत तर या सुकरीबाई, पुढचं मी बघते,” विनया म्हणाली, आणि स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश झाली की त्या दिवशी तिनं वॉर्डात बर्फी वाटली.

पुढचं बघायला ती आज इथं नव्हती. शेजारी एका अडलेल्या बाईचं सिझेरियन होतं, ती तिकडे गेली होती.

जैवंती टोळीतलीच. ती पाठीवर होती, पाय पट्ट्यांत अडकवलेले. “माय, मले बसू दे ना वं,” ती म्हणाली.

सुकरी पुन्हा जवळ आली. “सिस्टरजी, इसको बैठने दो. बैठेगी तो बच्चा उतरेगा.”

“अब तू सिखाएगी मुझे?” सिस्टर म्हणाली. मग जरा मऊ आवाजात, “इन्फेक्शन हो गया तो मेरी नौकरी जाएगी, मौसी. समझा कर.”

तेही खरंच होतं. तिथं वाईट असं कुणीच नव्हतं, आणि म्हणूनच काही करता येत नव्हतं.

जैवंतीनं हात पुढे केला. सुकरीच्या हातात पोछ्याचा दांडा होता. तो सोडला असता तर उद्या ओळखपत्र गेलं असतं, आणि मग पुढच्या बाईसाठी एवढंही उरलं नसतं. तिनं तो सोडला नाही. ती खाली वाकली आणि जैवंतीच्या टेबलाखाली सांडलेलं पाणी पुसू लागली. मग रक्त पुसू लागली. वर जैवंती तिला हाका मारत होती, आणि दुसऱ्या टेबलावरची बाई तिच्यावर सारखी ओरडत होती, चुप कर, चुप कर.

अडीच वाजता मुलगा झाला. मुलगा रडला, रक्त थांबलं, टाके पडले. वहीत लिहिलं गेलं, माता व बालक सुखरूप.

विनया धावतच आली. तोंडावरचा मास्क तिनं गळ्यात ओढला होता. “बघ, झालं ना सगळं नीट?” तिनं जैवंतीला विचारलं. जैवंतीनं तिच्याकडे पाहिलं, सुकरीकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हा कुठे विनयाचं लक्ष सुकरीच्या पोछा धरलेल्या हातांकडे गेलं, आणि त्या बर्फीच्या आठवणीनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाराच्या काचेतून फुलमतीनं सारं पाहिलं होतं. फुलमती म्हणजे जैवंतीची जाऊ. आठवा सरत आलेला आणि हिमोग्लोबिन सातवर. हिला त्या पत्र्याच्या खोलीत बाळंत होऊ देणं म्हणजे आपल्या हातानं मरणाकडे ढकलणं, हे विनयाला कळत होतं आणि तिच्याहून जास्त सुकरीला. जावेचं बघते आणि मग ठरवते, असं फुलमती म्हणाली होती. म्हणून तर तिला आज सोबत आणलेलं.

“चल, आता तुझं नाव इथं नोंदवून टाकू,” विनया बाहेर येऊन म्हणाली.

फुलमतीनं तिच्याकडे बघितलंही नाही. तिनं सुकरीला विचारलं, “माह्या वेळेस तू काय करशीन?”

सुकरीला खोटं बोलता आलं असतं. विनया मनातल्या मनात तिला विनवत होती, बोला सुकरीबाई, एकदाच खोटं बोला.

“हेच करीन,” सुकरी म्हणाली. “हात नाही लावू देत मले. पण तू इथंच ये, पोरी.”

“नाही. तू खोलीत ये.”

“खोलीत मरशीन तू.”

“मरीन,” फुलमती म्हणाली. “पण तू हात तं धरशीन ना माहा?”