टेबलाखालचा पाठ

“ड्रायव्हर म्हणाला, पाय पुसल्याशिवाय बसमध्ये पाऊल टाकायचं नाही,” कर्स्टीनं वाचलं, आणि गालिच्यावर बसलेला दुसरीचा अख्खा वर्ग गायीच्या वतीनं हंबरला.

गाय डोंगरातली होती, केसाळ, डोळ्यांवर झिपऱ्या आलेली. तिला ओबानला समुद्र बघायला जायचं होतं. एक पाय पुसून दुसरा पुसायला घ्यावा तोवर पहिला पुन्हा चिखलात. मागं रांग वाढत होती. लॉकलन नावाचा एक दातपडका तर इतका रंगला होता, की रांगेतल्या म्हातारीच्या वतीनं तो ड्रायव्हरला शिव्या घालू लागला. एरवी कर्स्टीनं त्याला गप्प केलं असतं. आज तिलाच हसू आवरेना.

खरं तर हसण्यासारखी वेळ नव्हती. वर्गाच्या मागच्या टोकाला, पोरांच्या चिमुकल्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीशी घेऊन डॉ. अबरनेथी बसले होते. हा पाठ जोखायला विद्यापीठानं त्यांना धाडलं होतं. त्यांच्या कपाळावरची आठी सगळ्या डंडी शहरात प्रसिद्ध होती. ती बघून भल्याभल्यांची बोबडी वळली होती. कर्स्टीचा हा प्रशिक्षणातला शेवटचा पाठ. पास झाली तर ती शाळेत बाई होणार, नापास झाली तर पुन्हा त्या विमा कंपनीत फोन उचलायला जाणार.

आणि आजच्या आठीचं कारण तिला ठाऊक होतं. मागच्या भेटीत डॉक्टरांनी एवढंच बजावलं होतं, की ती मिरन नावाची मुलगी गालिच्यावर सगळ्यांबरोबर दिसली पाहिजे. एकही मूल बाजूला पडता कामा नये, समावेश म्हणतात तो हाच.

कर्स्टीनं काय नाही केलं! मिरनसाठी मऊ उशी आणली. त्या उशीवरून बाकीच्यांची मारामारी झाली. छोटा तंबू उभारला. त्यात लॉकलननं आपला डबा घेऊन संसार थाटला. मिरन मात्र ढिम्म. गोष्टीची वेळ झाली, की ती मागच्या भिंतीशी असलेल्या चित्रकलेच्या लांबलचक टेबलाखाली शिरायची. टेबलावरून जाड लोकरी चादर पार जमिनीपर्यंत लोंबायची. आत मिरन, बाहेर तिच्या मोज्यांची टोकं. आजही तेच.

“मिस,” चादरीतून आवाज आला, “गाय बसमध्ये चढली का?”

कर्स्टीला उत्तर पाठ होतं. इकडे ये आणि बघ, असं गोड आवाजात म्हणायचं. पण हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, डोकं हलकं झालं होतं. ती उठली. पुस्तक काखेत मारून वर्गाच्या मागं गेली, गुडघ्यांवर बसली आणि सरळ टेबलाखाली शिरली.

मग लॉकलन रांगत निघाला आणि त्याच्यामागं सगळं खिल्लार सुटलं. कुणाचं कोपर कुणाच्या बरगडीत, कुणाची वेणी कुणाच्या तोंडात. जे मावले ते आत, न मावलेल्यांची नुसती डोकी आत आणि पाय बाहेर. डॉ. अबरनेथींसमोर आता रिकामा गालिचा होता आणि मोज्यातल्या पावलांची एक ओळ.

बुडाले, कर्स्टीला वाटलं. चटकन दुसरा विचार आला, की बुडालोच आहोत तर धड हंबरून तरी घ्यावं. ती मनापासून हंबरली. मग ओरडायची गरजच नसल्यानं हळू आवाजात, पांघरुणात बोलतात तशी, वाचू लागली. गायीनं शेवटी चार प्रवाशांच्या टोप्या मागून घेऊन पायांत घातल्या. पोरं खिदळून एकमेकांवर कोसळली. मिरन तिच्या दंडाला चिकटून बसली होती आणि प्रत्येक पान स्वतः उलटत होती.

एवढ्यात चादर वर झाली. आधी एक लोकरी पँटमधला गुडघा आला, मग दुसरा, मग कण्हत कण्हत उरलेले डॉ. अबरनेथी.

“सरका रे,” मिरननं सगळ्यांना फर्मावलं. “यांना जागा द्या.”

कर्स्टी माफी मागायला तोंड उघडणार, तोच डॉक्टरांनी बोट ओठांवर ठेवलं. ते मिरनकडे वळले. गालिच्यावर का बसत नाहीस, असं त्यांनी विचारलं. रागानं नव्हे, अगदी बरोबरीच्या माणसाला विचारावं तसं.

“तिथं नुसतं घूंऽऽ येतं,” मिरन म्हणाली आणि तिनं छताकडे बोट केलं. “डोकं दुखतं माझं. गोष्ट ऐकूच येत नाही. इथं ऐकू येते.”

सगळे कान देऊन ऐकू लागले. छताला टांगलेला गरम हवेचा पंखा. ऑक्टोबर ते मे अखंड घुमणारा. त्याची इतकी सवय झाली होती, की कर्स्टीला तो आज, जाड चादरीतून बारीक झालेला, पहिल्यांदा जाणवला.

डॉक्टरांनी हळूच कानामागं हात नेला. तिथलं ऐकण्याचं बोटाएवढं यंत्र काढून तळहातावर घेतलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा जागेवर बसवलं. कपाळावर आठी नव्हती. ती नसली, की त्यांचा चेहरा फारच साधा दिसत होता.

“मलाही तिथं घूंऽऽच येतं. गालिच्याचं माझं म्हणणं मी मागं घेतो, कर्स्टी. तुम्ही पास आहात,” ते म्हणाले. मग लॉकलनचं कोपर पोटातून बाजूला करत, जरा लाजून, पण पोरांनाही ऐकू जाईल असं म्हणाले, “या वर्गात कित्येक वर्षं मी पाठ बघत आलोय. ऐकला मात्र आज पहिल्यांदा.”