बिनवाऱ्याची खोली

शंकरप्पांनी ट्रेमधलं टोमॅटोचं एक रोप बोटानं वाकवून सोडलं. ते लगेच ताठ झालं. खोड शिसपेन्सिलीएवढं, पानं काळपट हिरवी.

"घरात वाढलेलं वाटतच न्हाई," ते म्हणाले. रेणापुरात तीस वर्षांपासून त्यांची रोपवाटिका होती. "सूनबाई, रोज हात फिरवायलीस का?"

"कसला हात?" दीपमालानं विचारलं.

"बाहेर रोपाला वारा हलवतो, म्हणून खोड जाड होतं. घरात वारा कुठला? मग दिवसातून दोन-तीन बार शेंड्यांवरून हात फिरवायचा. हळू, मांजराच्या पाठीवरून फिरवल्यासारखा. न्हाई तर रोपं नुसती उंच जातात अन् मान टाकतात."

दीपमालाची याआधीची दोन्ही वेळची रोपं तशीच गेली होती. अंगणात ठेवली तर वानरं खुडत, म्हणून ती ट्रे या खोलीच्या खिडकीत ठेवायची. यंदाही तिनं पाण्यापलीकडं काही केलं नव्हतं.

"मी न्हाई हात लावला, काका."

"मग पंखा लावत असशील."

"आत्याबाईंना सोसत न्हाई. बंदच असतो."

दोघांनी खाटेकडं पाहिलं. खिडकीपासून सहा-सात पावलांवर दीपमालाच्या सासूबाई, कस्तुराबाई, पडून होत्या. दोन वर्षांपूर्वी लकव्याचे पाठोपाठ दोन झटके आले, तेव्हापासून त्यांचं मानेखाली काही हलत नव्हतं. वाचाही गेली होती.

"चार दिवस सकाळचं बाहेर ठेव, मग रानात लाव," शंकरप्पा म्हणाले आणि उठले. दारात चपला घालता घालता थांबले. "असं रोप फकत दगडोबा करायचा. मी त्याच्याकडूनच शिकलो."

मग वर न बघता ते निघून गेले. दगडोबा म्हणजे कस्तुराबाईंचे मालक, दीपमालाचे सासरे. त्यांना जाऊन दिवाळीत तीन वर्षं झाली होती.

दीपमाला नेहमीप्रमाणं कोमट पाणी घेऊन आली आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसली. सासूबाईंची उजवी मूठ आवळलेली असे. रोज एकेक बोट उलगडून तळवा पुसावा लागे. आज फडक्यावर पिवळट हिरवा डाग आला. तिनं पुन्हा पुसलं. पुन्हा डाग आला. तिनं तो हात नाकाशी नेला. टोमॅटोच्या पाल्याचा उग्र वास.

खोलीत भर दुपारचं ऊन होतं. दीपमालानं खिडकीतल्या ट्रेकडं पाहिलं आणि मग त्या हाताकडं. दोघींची बोलायची एक रीत ठरलेली होती. हो असेल तर पापणी एकदा, नाही असेल तर दोनदा.

"आत्याबाई, तुम्ही उठता का?"

दोनदा.

"मग इथं कोणी येतं का?"

एकदा.

"तुमचा हात धरतात?"

पापणी मिटली आणि लवकर उघडली नाही.

"मामंजी?" तिनं इतक्या हळू विचारलं, की तिचं तिलाही नीट ऐकू आलं नाही.

कस्तुराबाईंचे डोळे उघडले होते, पण ते दीपमालाकडं नव्हते. तिच्या खांद्यावरून पलीकडं, खिडकीपाशी लागले होते. मग ते हळूहळू सरकू लागले. चालत येणाऱ्या माणसाकडं बघावं तसे, पावलापावलानं, खाटेच्या दिशेनं. आणि अगदी जवळ येऊन थांबले.

दीपमालानं मागं वळून पाहिलं नाही. तिनं सासूबाईंचा हात चादरीवर ठेवला, तळवा वर करून. पदर डोक्यावर घेतला. आणि उठून, स्टूल मोकळं करून, ती भिंतीशी उभी राहिली.