तालीम

मालिकांत काम करणारा शिवप्रकाश स्वतःचे सीन स्वतःच लिहायचा आणि गावी पालमला आला की बायकोसमोर त्यांची तालीम करायचा. या खेपेला मात्र आल्यापासून तो रुद्राणीशी धड बोलतच नव्हता. ती धास्तावली होती. आज त्यानं तालमीला हाक मारली, तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

"साहेब, मी नको नको म्हणत होतो. तरी ती विहिरीत वाकली आणि तोल गेला."

"लय सपाट म्हणायलाव. रडू आवरल्यावानी म्हणा."

त्यानं पुन्हा म्हटलं. तिच्या अंगावर काटा आला.

"आता खरं वाटायलंय. टीव्हीवर कधी येणार हे?"

 

त्यानं कागद चुलीत टाकला आणि म्हणाला, "चल, शेतातून चक्कर मारून येऊ."