हजेरीचा शिक्का

महासाथीत घरात अडकलेल्या म्हाताऱ्यांचे हातपाय हलते राहावेत, म्हणून जपानमधल्या मात्सुयामाची कोहारू, मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाची पोर, रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर त्यांच्याकडून रेडिओच्या तालावर व्यायाम करून घ्यायची. जो हजर असेल, त्याच्या फोनमधल्या हजेरीकार्डावर लाल शिक्का.

दहा दिवस दांडी मारलेले इसोगाई आजोबा आज पुन्हा स्क्रीनवर दिसले, तेही कोट-टाय घालून, गालातल्या गालात हसत.

"काय हो आजोबा, व्यायामाला आलात की लग्नाला? हात वर करा बघू!"

आजोबा ढिम्म हलेनात.

"आजी, तुमचं नेट अडकलंय वाटतं. चित्र हलतच नाहीये."

"असू दे गं पोरी," पलीकडून आजींचा आवाज आला. "तू शिक्का तेवढा दे. दवाखान्यातसुद्धा त्यांना शिक्के चुकल्याचाच घोर लागला होता."

कोहारूने हसत शिक्का पाठवला आणि अडकलेलं चित्र सुटायची वाट पाहत ती स्क्रीनकडे बघत राहिली.



आजोबांच्या चेहऱ्यापुढून उदबत्तीचा धूर मात्र सावकाश वर चढत होता.