आलेलं रीडिंग

तृप्तीने ब्युरेट उलटी अडकवली. शेजारच्या टेबलावरची मुलगी क्षणभर बघत राहिली, मग हात लांबवून तिने ती काचेची नळी सुलटी केली. “तोटी खाली राहते,” ती हळूच म्हणाली. “वरून जांभळं द्रावण भरायचं. लय सोपं हाय.”

बारावी सायन्सची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. देवळ्याकडच्या एका फाट्यावरचं ज्युनिअर कॉलेज. तृप्ती दोन वर्षं याच कॉलेजची विद्यार्थिनी होती आणि कॉलेज ती आज पहिल्यांदा बघत होती. तिची सगळी बारावी नाशिकच्या एका क्लासमध्ये चालली होती. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेले, वर जेईई, नीट आणि सीईटी या तिन्हींची तयारी. क्लासचे हर्षल सर पालकांना सांगायचे, “एवढा लोड घेणारी मुलगी कॉलेजात बसत राहिली, तर तिचा चान्स गेलाच समजा.” आईवडिलांना ते पटलं. नातेवाइकांत तर कौतुक मावत नव्हतं. पोरगी दोन्ही ग्रुप ओढते, म्हणजे काय खायचं काम आहे? म्हणून नाव इथे आणि पोरगी क्लासात. तिची हजेरी इथे कोण लावतं, हे घरात कुणी विचारलं नाही. तृप्तीनेही नाही.

सकाळी बसमध्ये हर्षल सरांनी प्रसाद वाटावा तसा आकडा वाटला होता. “टायट्रेशनचं रीडिंग दहा पॉइंट दोन. सगळ्यांनी तेच लिहायचं. उगाच कशाला हात लावू नका, काही फुटलं तर नसता ताप.” मुलं हसली होती. तृप्तीही हसली होती.

आता तिला हसू येत नव्हतं. बसमधून आलेली सगळी मुलं कोरड्या ब्युरेटींसमोर उभी राहून दहा पॉइंट दोन लिहीत होती. कोपऱ्यातल्या दोघांनी तर बाटल्यांची बुचंही काढली नव्हती. ही उद्याची डॉक्टर आणि इंजिनीअर मंडळी, आणि त्यांच्यात आपला नंबर पहिल्या पाचात. तृप्तीच्या तोंडाची चवच गेली. तरी तिनेही कागदावर दहा पॉइंट दोन लिहिलं, कारण दुसरं काही लिहायला तिच्याकडे नव्हतंच.

प्रयोग करत होती ती एकटी शेजारची. तेजस्विनी तिचं नाव. जवळच्याच वस्तीवरून रोज या कॉलेजात येणारी. डाव्या हाताने तोटी सांभाळत, उजव्या हाताने फ्लास्क फिरवत ती थेंब थेंब सोडत होती. फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग टिकला तशी ती थांबली. नळीवरचा आकडा नऊ पॉइंट सहा. तिने सगळं धुऊन पुन्हा केलं. पुन्हा नऊ पॉइंट सहाच आलं. तिने तेच लिहिलं.

परीक्षक एकेक टेबल उरकत आले. बाहेरच्या कॉलेजातून नेमलेले, पन्नाशीचे, जेवणाकडे डोळे लागलेले गृहस्थ. तेजस्विनीचा कागद पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“सगळ्यांचं दहा पॉइंट दोन आलंय. तुझंच बरं नऊ पॉइंट सहा?”

“सर, फ्लास्कमध्ये घेतो ते बाटलीतलं द्रावण परवाचं हाय. ठेवलं की त्याचा जोर कमी होतो. दोनदा केलं मी, तेवढंच आलं.”

“म्हणजे एवढ्या सगळ्यांचं चुकलं आणि तू एकटी शहाणी?”

त्यांनी रीडिंगवर लाल रेघ ओढली आणि तीसपैकी सतरा लिहिले. तेजस्विनीने वाद घातला नाही. “सर, मला नाशिकला बी.एस्सी. करायचंय,” ती खाली मान घालून म्हणाली. “तिथली यादी बारावीच्या मार्कांवर लागते. एवढे कापले तर माझं नाव यायचं नाय.”

परीक्षक तोवर तृप्तीच्या टेबलाशी आले होते. दहा पॉइंट दोन पाहून त्यांनी काही न विचारता तीस लिहिले.

तृप्तीला शिसारी आली. परीक्षकांची आली, हर्षल सरांची आली आणि सगळ्यांत जास्त स्वतःची आली. असलं गणित ती क्लासात चुटकीसरशी सोडवायची. फ्लास्कमध्ये शिळं द्रावण असलं की रीडिंग कमीच येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बोललं तर काय होईल हेही ठाऊक होतं. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे बारावी नापास, मग तिन्ही परीक्षांत कितीही मार्क मिळोत, दारात कुणी उभं करणार नाही. दारापाशी हर्षल सर उभे होते आणि तिच्याकडेच बघत होते.

“सर, तिचं बरोबर आहे,” तृप्ती म्हणाली. “आमच्यापैकी कुणाचंच दहा पॉइंट दोन आलेलं नाही. तो आकडा आम्हाला बसमध्ये सांगितला. मी प्रयोग केलाच नाही. बघा, माझी ब्युरेट कोरडी आहे. मला शून्य द्या, पण तिचे मार्क कापू नका.”

आता परीक्षक ओरडतील, बाहेर काढतील, म्हणून तृप्ती वाट बघत राहिली. त्यांनी ओरडावं असंच तिला वाटत होतं. परीक्षकांनी ब्युरेटकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी शांतपणे पेनाला टोपण लावलं. तिचे तीस तसेच राहिले आणि तेजस्विनीचे सतराही.

“अगं बाळा, घाबरतेस कशाला?” ते समजुतीच्या सुरात म्हणाले. “तिने प्रयोग केला, म्हणून तिचा चुकला. तू केलाच नाहीस, तर तुझा चुकेल कसा?”