जयवंतच्या तोंडचं गाऱ्हाणं

"परत वाचू?" अक्षताने विचारलं.

"वाच ना. कळू दे सगळ्यांना, कसली कसली माणसं असतात," शेजारचा अभय म्हणाला.

रविवारची सकाळ. परळच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कालच्या कबड्डीच्या मॅचचं श्राद्ध चाललं होतं. कोणी दात घासत होतं, कोणी लसूण सोलत होतं, आणि मत मात्र प्रत्येकाला होतं. चाळीचा स्वप्नील आता मोठ्या लीगमध्ये खेळत होता. काल शेवटच्या चढाईत त्याचा पाय मैदानाबाहेर पडला आणि टीम एका गुणाने हरली. तेव्हापासून त्याच्या फोनवर शिव्यांचा रतीब लागला होता. टीम हरली म्हणून नव्हे, मॅचवर लावलेले पैसे बुडाले म्हणून.

अक्षता नुकतीच प्रॅक्टिसवरून आली होती. गुडघ्याला अजून मैदानाची माती होती. स्वप्नीलनेच तिला चढाई शिकवली होती, त्यामुळे ती तापलीच होती. तिने स्वप्नीलचा फोन वर धरून वाचलं, "जो पाय भायर घातलंस, तोच पाय तुझ्या चेडवाचो मोडांदे."

चेडू म्हणजे मुलगी. स्वप्नीलची पोर जेमतेम वर्षाची, आत्ताशी भिंतीला धरून चालायला लागलेली.

जयवंतने मान खाली घातली. ते त्यानेच लिहिलं होतं. स्वप्नीलच्या टीमवर लावलेले पैसे गेले, त्या तिरमिरीत, खोट्या नावाने. माणूस वाईट नव्हता असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणू या. पण पाठवून झाल्यावर हा वाईट नसलेला माणूस जेवायला बसला होता आणि त्याने सोलकढी दोनदा मागून घेतली होती. आता तेच वाक्य पोटच्या पोरीच्या तोंडून ऐकताना त्याला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"पैसे लावायचे यांनी आणि पाय मोडायचे त्या पोरीचे!" दात घासता घासता शेजारचा रामजी म्हणाला. "आमचा जावई बघा ना. हरला की दोन दिवस बायकोशी बोलत नाही. जिंकला की कोंबडी आणतो."

सगळे हसले. जयवंतही हसला आणि आपल्याच हसण्याची त्याला किळस आली.

"हिंदीत शंभर शिव्या आल्यात, पप्पा," अक्षता जयवंतला म्हणाली. "इंग्लिशमध्ये पण. स्वप्नीलदादा म्हणतो, त्यांचं काही नाही, ती कुठली कुठली माणसं. पण ही एकच मालवणीत आहे. म्हणजे आपल्यातलाच कोणीतरी. दादा बाहेरच येत नाहीये. रुपालीवहिनी पोरीला खाली ठेवत नाहीये."

"असेल कोणी गावाकडचा," जयवंत पुटपुटला.

तेवढ्यात शेवटच्या खोलीतून स्वप्नीलची आई, गंगुबाई, बाहेर आली. हातात नारळ आणि विडा. मागे रुपाली, कडेवर पोर. गंगुबाई जिन्याजवळच्या मारुतीच्या तसबिरीपुढे थांबली.

"जयवंता, आंघोळ झाली मां तुझी? ये. गाऱ्हाणां घाल."

चाळीत गाऱ्हाणं जयवंतनेच घालायचं, हे ठरलेलं. आधी त्याचा बाप घालायचा. गणपती असो, पूजा असो, देवापुढे उभं राहून तो मागणं मागणार आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणणार.

"काकी, आज दुसऱ्या कोणाला तरी..."

"दुसरो कोण? तुझ्या तोंडचां देवाक पावता. माझ्या झिलाचां, स्वप्नीलाचां सिलेक्शन तुझ्याच गाऱ्हाण्यान झालां."

जयवंतच्या मनात आलं, याच तोंडाचं देवाला पावत असेल, तर कालचं?

"काकी, लिहिणाऱ्याचे हात झडू देत, असं घालायला सांगा!" अभय ओरडला.

"नाय रे बाबा." गंगुबाईचे डोळे सुजलेले होते, पण आवाज साधा होता. "तेच्याय घरात कोण लेकरू आसतलां. तेच्या लेकराचे पाय शाबूत रवांदेत, तेका बुद्धी येवंदे. इतक्याच म्हण."

जयवंतने चपला काढल्या. हात जोडले. मागे सगळी गॅलरी उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरां तुझ्या पुढ्यात नारळ घेवन उभी आसत."

"व्हय म्हाराजा!"

"स्वप्नीलाच्या चेडवाक संभाळ. तिच्या पायाक काटोय लागाक देऊ नको." हे त्याने जीव तोडून म्हटलं. कालचं सगळं या एका वाक्याने पुसून निघावं, इतका जीव तोडून.

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्या कोणी..."

पुढे शब्द येईना. 'ज्या कोणी' म्हणून आपण देवापुढेही खोट्याच नावाने उभे आहोत, हे त्याला कळलं. मी, एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. ते ओठापर्यंत आलं. रुपालीच्या कडेवरची पोर त्याच्याकडे टक लावून बघत होती आणि गंगुबाईने डोळे मिटले होते. ते अक्षर त्याने गिळलं.

लोकांना वाटलं, गहिवरला. कोणीतरी नाक ओढलं.

अक्षता मागून पुढे सरकली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच आठवण करून दिली, "त्याच्या लेकराचे पाय, पप्पा."

"तेच्या..." जयवंतचा आवाज फाटला, "तेच्या लेकराचे पाय शाबूत रवांदेत."

"व्हय म्हाराजा!" गॅलरी दणाणली.

सगळ्यांच्या वर अक्षताचा आवाज होता.