एकशेपंचविसावी उडी

"वीस," मुलगी म्हणाली आणि तिने पेनाला टोपण लावलं.

गच्चीवरचे वाळलेले कपडे काढता काढता आईने मान हलवली. "चोवीस."

"तुला काय माहीत? तुला तर दुधाचा हिशेबही जमत नाही."

"नाहीच जमत. पण शंभरला चोवीस असतात."

एकपासून शंभरपर्यंतचे सगळे आकडे एकमेकांशी गुणले, तर उत्तराच्या शेवटी किती शून्यं येतात, असा प्रश्न होता. उद्या शाळेच्या संघाची निवड, आणि गणिताच्या बाईंना हा प्रश्न भारी आवडतो. मुलीने सगळं नीट केलं होतं. एका शून्याला एक दोन आणि एक पाच लागतो. दोनांचा नुसता सुकाळ असतो, अडतं ते पाचापाशी. आणि शंभरपर्यंत पाचने भाग जाणारे आकडे वीस. संपला विषय.

आईने कपड्यांची चळत कठड्यावर ठेवली. "तुझी उड्यांची दोरी आण."

तिने चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि खरंच उड्या मारायला लागली. मुलगी बघतच राहिली. दर पाचव्या उडीला आई छातीशी हातांची कात्री करायची आणि म्हणायची, "एक शून्य. दोन शून्यं." पंचविसाव्या उडीला मात्र दोरी सुसाट फिरली, एकाच उडीत दोनदा पायाखालून गेली, आणि आई कशीबशी कठड्याला धरून उभी राहिली.

"सहा," ती धापा टाकत म्हणाली. "पंचविसाला दोन मिळतात. का ते विचारू नकोस. आम्ही तसंच खेळायचो."

मुलीने विचारलं नाहीच. पंचवीस म्हणजे पाच गुणिले पाच, एका पोटात दोन पाच! मग पन्नासात दोन, पंच्याहत्तरात दोन, शंभरात दोन. चार शून्यं जास्तीची. चोवीस.

"आई, तू ग्रेट आहेस. हे कुणी काढलं?"

आई दोरी गुंडाळत होती. "ताईने."

मावशीचं नाव या घरात दोन वर्षांत निघालं नव्हतं. आजीचं शिवणयंत्र मावशी घेऊन गेली, त्यावरून बिनसलं होतं. शिवता दोघींनाही येत नाही.

पण आई आता थांबेना. "ती उड्या मारायची, मी शून्यं मोजायची. घरामागे सिमेंटचा एवढासा तुकडा होता. दोरी सामानाच्या खोक्याला बांधून आलेली, हाताला काथ्या टोचायचा. एकदा ती एकशेपंचवीसपर्यंत गेली. म्हणाली, एकतीस झाली. मी म्हटलं, तीस. चिडकी म्हणाली मला. मी तिला खोटारडी म्हटलं. आठवडाभर एका ताटात जेवलो नाही."

मुलीने टोपण काढलं. एकशेपंचवीस, म्हणजे पाच गुणिले पाच गुणिले पाच. त्या एका उडीला तीन शून्यं. तिने दोनदा बेरीज केली.

"एकतीसच येतात, आई."

"उत्तर येत असेल गं एकतीस. पण त्यासाठी शेवटच्या उडीला दोरी तीनदा फिरायला हवी ना? मी समोर उभी होते. दोनदाच फिरली."

"नक्की? तू दोरीकडे बघत होतीस?"

आईने गुंडाळलेली दोरी पुन्हा सोडली.

"तिच्या वेण्या सुटल्या होत्या," ती म्हणाली. "चेहरा लालबुंद. पडते की काय असं वाटत होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते बहुतेक."

"मग फोन कर."

"मी का करू? तिला नाही करता येत?"

मुलीने फोन पुढे धरला. आईने तो घेतला. नंबर शोधावा लागला नाही, बोटांना पाठ होता. स्पीकरवर घंटी वाजत राहिली आणि मग मावशीचा आवाज आला, घाबरलेला.

"काय झालं? सगळे बरे आहेत ना?"

"बरे आहेत. ताई, एकशेपंचवीसला एकतीसच शून्यं येतात."

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

"हे सांगायला दोन वर्षं लागली तुला?"

"तीस लागली. आत्ता पोरीने सोडवून दाखवलं."

"मी तेव्हाच सांगत होते, ठमे. तीनदा फिरवली होती मी."

"मला नाही दिसली."

"दिसली नाही, की बघितली नाहीस?"

"बघितली नाही," आई म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "फोन ठेवू नकोस. कुठे टाकलीय कार्ट्यांनी ती दोरी." कपाट उघडलं, काहीतरी पडलं, मावशी कुणावर तरी ओरडली. आणि मग फोनमधून फरशीवर दोरी आपटायला लागली. फट्, फट्, फट्.

आई फोन दोन्ही हातांत धरून खाली बसली. तिचे ओठ हलत होते. पंचविसाला जोरात सूं असा आवाज झाला, पाठोपाठ धप्प, आणि दोरी पुन्हा सुरू झाली. चाळिसावी उडी झाली आणि मग नुसता श्वास ऐकू यायला लागला.

"नाही गं होत आता," मावशी म्हणाली. "पाय लटपटतायत."

आईने फोन स्पीकरवरून काढला आणि कानाला घट्ट लावला.

"बस जरा. दम खा," ती म्हणाली. "नऊ शून्यं झालीत. मी धरून ठेवते."